पालच्या जंगलात झाडं बघायला निघताना

पहिली तयारी घरी बसूनच करायची: दहा झाडं ओळखायला शिका. अंजन, सालई, धावडा, मोह, तेंदू, बेहडा, पळस, पांगारा, काटेसावर, कांडोळ. एवढी आली तरी जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाभोवतीच्या यावल अभयारण्यात दिवस अपुरा पडतो. बिबट्याच्या आशेने गेलेली मंडळी मी दोन तासांत कंटाळून सुकी धरणावर चिवडा खात बसलेली पाहिली आहेत.

अंजन आणि आपटा यांत हमखास गल्लत होते. आपट्याचं पान एकच, मधून चिरलेलं. अंजनाच्या दोन पर्णिका (पानाचे छोटे भाग) वेगळ्या, बुडाशी जोडीने बसलेल्या. सालईच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि डिंकाला धुपाचा वास येतो. कांडोळ पानं झडली की नुसता पांढराफटक, रात्री भुतासारखा!

फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ धरा; पळस-पांगारा फुललेला असतो, पानगळीमुळे पक्षीही दिसतात. मे महिन्यात नको, जळगावचं ऊन तुम्हाला सांगायला हवं का? पहाटेच पोहोचा. दुर्बीण घ्याच. निष्पर्ण फांदीवर भरदिवसा बसलेलं ठेंगणं घुबड दिसलं तर नीट बघा, रानपिंगळा असू शकतो. 1884 नंतर तो नाहीसा झाला असं मानत होते. 1997 साली आपल्या शहाद्याजवळच पुन्हा सापडला. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका.

कपडे मळखाऊ, पायात बूट. कुसळी गवतातून मी एकदा साध्या मोज्यांनी गेलो, दुपारभर कुसळं उपटत बसलो. अत्तर, बॉडी स्प्रे अजिबात नको, आग्यामोहोळं असतात. मोहाची फुलं गळत असतील तर त्या झाडाखाली अंधारात एकट्याने जाऊ नका; अस्वलालाही ती आवडतात.

माणशी तीन लिटर पाणी, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, कांदा. प्लॅस्टिक परत आणायचं. परवानगी, वेळा वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्या आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या. इथल्या तडवी किंवा पावरा आदिवासी समाजातला दादा भेटला तर झाडाचं नाव आधी त्यालाच विचारा, पुस्तक नंतर. त्यासाठी वही लागेल, पण शाईचं पेन नको, पेन्सिल घ्या. घामाने माझं एक पान असं फुटलंय की त्यातली चार नावं अजून लागत नाहीत.