गाडीवरचं जाळं काढताना: आधी मायक्रॉन, मग मशीन

चिंचवडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात, त्यामुळे कुणी "गाडीला पॉलिश मारायचंय" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, रंग किती जाड आहे? लोक वैतागतात. पण दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे बारीक चरे काढणं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणं. जे घासून जातं ते परत येत नाही. हे डोक्यात बसलं की बाकीच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

हिशेब असा. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन रंग असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाली गंज अडवणारा कोट, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच आणि उन्हापासून रंग सांभाळण्याचं कामही त्याचंच. हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंडने, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशने, जोरात घासलं तर त्याहून बरेच जास्त. दर दिवाळीला "रबिंग-पॉलिश" करून घेणाऱ्यांच्या गाड्या काही वर्षांनी टपावर पांढरट पडून सोलायला लागतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता जाळं येतं कुठून? सोसायटीत रोज सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस-वीस गाड्या पुसल्या जातात तिथून. रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि ती कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने रंगावर फिरवली जाते. झटकणीही तेच करते. धुळीच्या गाडीवर टाकलेलं कव्हर वाऱ्याने फडफडतं तेही तेच करतं. दसऱ्याला बॉनेटवर बांधलेला झेंडूचा हार संध्याकाळपर्यंत सुतळीसकट घासत राहतो, ते चरे तर मी लांबून ओळखते. गंमत म्हणजे हे चरे गोल नसतात. ते वेड्यावाकड्या दिशांना गेलेले असतात. त्यातले फक्त उजेडाला आडवे असलेले चमकतात, म्हणून दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं.

उदाहरणाला माझ्या दाजींची गडद निळी स्विफ्ट घेते, कारण गडद रंगावर काहीच लपत नाही. सावलीत गाडी झकास दिसायची, पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली उभी केली की दाजी मान वळवायचे.

आधी तपासणी. पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, भाड्याने किंवा ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून अर्ध्या तासासाठी मिळाला तर बघा. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी टेकवायचा. स्विफ्टचं टप 112, बॉनेट 108, आणि मागचा डावा दरवाजा 265! दाजी म्हणाले, "अगं, ते शोरूमला लावून घेतलं होतं, जरासं." जरासं म्हणजे अख्खा दरवाजा पुन्हा रंगवलेला. जाड आकडा बघून तिथे निर्धास्त घासायचं नाही, कारण गेज एकूण जाडी सांगतो. खाली खड्डा भरायचं पुटीन किती आणि वर क्लिअर कोट किती, हे त्याला कळत नाही. उलट 90 च्या खाली आकडा दिसला तर तिथे मी कंपाउंड लावतच नाही. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही, तिथे अंदाजच.

मग नखाची परीक्षा. चऱ्यावरून नख आडवं, हळू फिरवा. अडकलं तर तो चरा खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. पॉलिशने त्याच्या कडा जरा बोथट होतील आणि तो डोळ्यांत कमी खुपेल, तेवढ्यावर समाधान मानायचं. पांढरं प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर ते टच-अपच्या बाटलीचं काम आहे, मशीनचं नाही. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच करायचं नाही; घासलं तेवढा भाग कायमचा चकचकीत होतो.

मशीनबद्दल माझं मत ठाम आहे: घरी करणाऱ्याने ड्युअल अॅक्शन पॉलिशर घ्यावा. त्याचं पॅड स्वतःभोवतीही फिरतं आणि लहान वर्तुळातही हलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबलं तर ते फिरायचं थांबतं, रंग जाळत बसत नाही. गॅरेजमध्ये दिसतो तो रोटरी, म्हणजे नुसता स्वतःभोवती गरगर फिरणारा; तो कापतो भराभर, पण नवशिक्याच्या हातात कडेचा रंग उडवतो आणि उन्हात तरंगणारे धुरकट पट्टे सोडतो. आणि अँगल ग्राइंडरला (लोखंड कापायच्या-घासायच्या मशीनला) लोकरीचं पॅड लावणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. तो मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, रंगाला त्याचा निम्मा वेगही सोसत नाही.

सामान असं: पाच इंची बॅकिंग प्लेट (मशीनची चकती, जिच्यावर पॅड चिकटतं), फोमची मऊ आणि मध्यम पॅडं प्रत्येकी तीन-चार, एक फाइन पॉलिश, एक मध्यम कंपाउंड, आणि मायक्रोफायबरची भरपूर स्वच्छ फडकी. पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा पिवळा वेगळा. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. स्थिर दिसली तर पॅड फक्त थरथरतंय, दाब कमी करा किंवा पॅड पत्र्यावर सपाट धरा. सगळ्या व्हिडिओंपेक्षा ही रेघ जास्त शिकवते.

धुण्यात घाई करू नका. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक वेळी हातमोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. टपापासून खाली यायचं, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी. धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर रंगात लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक रुतलेला आहे. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, फवारला की कणांपाशी जांभळे ओघळ येतात. उरलेलं क्ले बारने, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, अजिबात न दाबता. क्ले जमिनीवर पडला की कचऱ्यात. कितीही नवा असो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून मिनिटभर ठेवा आणि लगेच धुवून टाका. मशीनने डाग खोडण्याआधी हे करून बघा, मायक्रॉन वाचतात.

गाडी कोरडी झाली की काळं प्लास्टिक, रबराची बीडिंग, एम्ब्लेम आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड वाळलं की पांढरा डाग पडतो आणि तो काढताना जीव जातो. कडांवर मुळातच रंग पातळ असतो, तिथे पॅड फिरवायचंच नाही. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर ती मडगार्डवर घासत राहील. साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर हे मशीन चालतं.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, जागा सावलीची. एप्रिलमधल्या पुण्यात दुपारी बॉनेटवर तळहात टेकवत नाही, आणि जिथे तळहात टेकवत नाही तिथे पॉलिश लावायचं नाही. ते लगेच वाळून चिकटतं.

आता कसोटीची जागा. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा: मऊ पॅड, फाइन पॉलिश. नव्या पॅडला आधी पॉलिशचा पातळ हात सगळीकडे चोळा, मग हरभऱ्याएवढे चार थेंब. पॅड पत्र्यावर टेकवूनच मशीन चालू करा, नाहीतर शिंतोडे थेट भिंतीवर. सगळ्यात कमी वेगावर पॉलिश चौकोनभर पसरवा, मग मशीनच्या डायलवर वेग चार किंवा पाचवर. हात मात्र सावकाश: सेकंदाला साधारण एक इंच. एक फूट जायला दहा-बारा सेकंद लागतात आणि ते विलक्षण कंटाळवाणं असतं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. फरशी पुसल्यासारखे हात मारतात आणि मग म्हणतात पॉलिश बेकार आहे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. एकदा आडवं, एकदा उभं, असे चार ते सहा हात. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त.

मशीन बंद करून मगच उचला. फडक्याने पुसा. आणि लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून राहतं, त्यामुळे जाळं गेल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन धुण्यांनंतर परत हजर होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी चार भाग, असं मिश्रण फवारून पुसा, मग मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघा. ट्यूबलाइटखाली तपासू नका, ती सगळं माफ करते.

चरे बऱ्यापैकी गेले असतील तर अख्खी गाडी याच जोडीने. नसतील तर मध्यम पॅड आणि कंपाउंड, त्यानंतर पुन्हा फाइन. दाजींच्या बॉनेटला कंपाउंड लागलं, दरवाजे फाइनवरच निभावले. प्रत्येक चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा, कारण घासून निघालेला रंग त्यात भरतो आणि मग तोच नवे चरे पाडतो. दोन-तीन पत्र्यांमागे पॅड बदला, आणि मशीन ठेवताना पॅड नेहमी वर. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर थांबा: एकतर रंगावर क्लिअर कोटच नाही, जसं जुन्या गाड्यांत असतं, किंवा तुम्ही त्याच्या पार गेला आहात.

बंपर शेवटी, कमी वेगावर. प्लास्टिक उष्णता पुढे जाऊ देत नाही, रंग तिथल्या तिथे तापतो. नवीनच रंगवलेला पत्रा असेल तर पेंटरने सांगितलेली मुदत होईपर्यंत त्यावर वॅक्स किंवा सीलंट (रंग सांभाळणारे वरचे लेप) लावू नका.

दाजींना शंभर टक्के हवं होतं. त्यांची समजूत घालायला मशीन चालवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. सत्तर-ऐंशी टक्के जाळं गेलं की चारचाकी रस्त्यावर नवी दिसते. उरलेले वीस-तीस टक्के खोल असतात, त्यांच्यासाठी शिल्लक रंग जाळायचा का, हे ठरवताना गाडी आणखी किती वर्षं ठेवायची आहे ते विचारात घ्या. मी त्यांना आकडा दाखवला: काम झाल्यावर बॉनेट 105.

वर सीलंट किंवा वॅक्स हवंच. वॅक्स पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत उतरतं, सीलंट जरा जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंग लावणार असाल तर त्याआधी अल्कोहोलने पुसणं अजिबात चुकवू नका.

आणि सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांशी बोला, रागावू नका. त्यांना महिन्याचे पैसे तेवढेच द्या, पण रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा आणि आधी पाणी मारून. दोन मायक्रोफायबर आपणच द्यायचे, एक काचेला, एक रंगाला, आणि चाकांना त्यांचं जुनं फडकं. स्विफ्टसाठी काकांनी एवढंच विचारलं, "धूळ दिसली तर मॅडम ओरडणार नाहीत ना?" दाजींनी ताईकडे बघितलं. ताईने होकार दिला. प्रत्येक पत्र्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे, तारीख घालून, मी आरसी बुकाच्या पाकिटात ठेवून दिलेत. पुढच्या वेळी कुणी रबिंग सुचवलं तर आधी ते काढून दाखवा, असं दाजींना बजावलंय.