भिंतीतल्या एल्बोत तुटलेली तोटी कशी काढावी

अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप फार दिवस टिकत नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं. त्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले की लोखंड आणखी लवकर गंजतं. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आवळले जातात. मग पान्याने जोर लावला की पितळी तोटी मानेतून तुटते आणि तिच्या आट्यांचा तुकडा एल्बोत, म्हणजे भिंतीतल्या वळणाच्या लोखंडी जोडात, आतच राहतो. बरेच जण लगेच भिंत फोडायला घेतात. ती घाई करू नका, कारण बहुतेक वेळा हॅक्सॉ ब्लेडवर, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यावर, काम भागतं.

आधी मोटर बंद करा, टाकीचा वॉल्व्ह बंद करा आणि पाईपातलं पाणी उतरू द्या. एल्बोच्या तोंडाचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा. आडव्या तोंडात डिझेल ओतलं तर ते लगेच बाहेर येतं. त्यापेक्षा घरातला कापूस डिझेलमध्ये भिजवून तुकड्याच्या कडेला दाबून बसवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. पीव्हीसी किंवा सीपीव्हीसीची फिटिंग असेल तर मात्र डिझेल लावू नका, प्लॅस्टिक खराब होतं. डिझेल लावलेल्या जागी ज्योतही नेऊ नका.

सकाळी एल्बोच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि दुसऱ्या बाजूने लहान हातोडीने हलके ठोके द्या. त्याने गंजाची पकड सुटायला लागते. तुकडा थोडा बाहेर असेल तर पाईप पाना लावा, पण एल्बोही दुसऱ्या पान्याने घट्ट धरा. नाहीतर भिंतीतला पाईपच फिरतो आणि मग खरोखर भिंत फोडावी लागते. आधी केसभर आवळा, मग डावीकडे फिरवा, आणि असं मागंपुढं करत राहा.

तुकडा पूर्ण आत असेल तर खरं काम इथून सुरू होतं. हातमोजे आणि चष्मा घाला. बारीक दातांचं, म्हणजे इंचाला २४ दातांचं ब्लेड घ्या आणि एका टोकाला जाड कापड गुंडाळून मूठ करा. दात आपल्याकडे ठेवा, म्हणजे ओढताना कापेल. तुकड्याच्या आतून, त्याच्या लांबीला धरून सरळ चीर पाडा. ब्लेड तिरपं गेलं तर एका टोकाला जास्त कापतं आणि दुसरं टोक तसंच राहतं, म्हणून मधूनमधून बॅटरीने आत बघा.

सुरुवातीला पिवळा भुगा पडेल. तो काळपट दिसायला लागला की तिथंच थांबा, कारण ब्लेड एल्बोच्या आट्यांना लागलं आहे. आट्यावर एखादा ओरखडा आला तर चालतो, खोल खाच मात्र नको. थोड्या अंतरावर दुसरी चीर पाडा. आता दोन्ही चिरांमधल्या पट्टीच्या कडेला जुना पेचकस लावून ती हलके ठोके देत आतल्या बाजूला वाकवा. पट्टी सुटली की उरलेल्या कड्याची पकड जाते. ते नोज प्लायरने धरून फिरवत बाहेर काढा. पेचकस आट्यांच्या दिशेने कधीच ठोकू नका.

तुकडा निघाला की आटे ब्रशने साफ करा आणि थोडं पाणी सोडून आतला भुगा व डिझेल धुऊन काढा. नवा निपल, म्हणजे दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला छोटा पाईप, आधी नुसत्या हाताने दोन-तीन फेरे लावून पाहा. अडकला तर आट्यांत अजून कचरा आहे. मग टेफ्लॉन टेप निपलच्या तोंडाकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळा, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते. एल्बोत थेट तोटी लावण्यापेक्षा असा निपल कायमचा बसवा आणि तोटी सॉकेट, म्हणजे आतून आटे असलेला जोड, लावून त्यावर घ्या. पुढे तोटी बदलताना भिंतीतल्या एल्बोला हात लावावा लागत नाही.

मोटर सुरू करून जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर निपल पाव फेरा आवळा. तरीही पाझरत असेल तर तो काढून टेप नव्याने गुंडाळा.