सिंगल माल्टचा मिल्क पंच: थर्टी फर्स्टच्या दोन दिवस आधी कामाला लागा

घरी दहा-बारा माणसं येणार असतील तर एकेकासाठी शेकर हलवत बसू नका. यजमान रात्रभर ओट्यापाशी आणि पाहुणे हॉलमध्ये, असल्या पार्टीत मजा नाही. मिल्क पंच आधीच बाटलीत भरून ठेवता येतो आणि त्या रात्री नुसता ओतायचा असतो. नावात दूध असलं तरी ग्लासात दूध दिसत नाही. ते मुद्दाम फाडून गाळलेलं असतं, हाती येतं ते स्वच्छ सोनेरी पेय. प्रकार जुनाच आहे. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली एका मित्राला पत्रातून याची कृती कळवली होती, तीही ब्रँडीची आणि चव्वेचाळीस लिंबांच्या सालींची.

सिंगल माल्टमध्ये (म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीत) पाण्याशिवाय काही घालणं पाप, असं म्हणणारे एक काका प्रत्येक मैफलीत असतात. त्यांना त्यांचा पेग नीट भरून द्या आणि वाद संपवा. मात्र अठरा वर्षं मुरलेली महागडी बाटली यासाठी फोडू नका. लाकडी पिंपातून आलेला तुरटपणा दूध ओढून घेतं, म्हणजे ज्याचे पैसे मोजले त्यातलं बरंचसं फडक्यातच राहणार. धुराचा वास नसलेली, ४६ टक्के अल्कोहोलची भारतीय माल्ट उत्तम. मी गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन ब्रिलियन्स घेतो. त्यांचीच ‘बोल्ड’ नावाची माल्ट धुरकट असते. तो धूर दुधाने जात नाही आणि वेलदोड्याशी भांडत बसतो.

सामान: व्हिस्की ५०० मिली, कागदी लिंबांचा गाळलेला रस १५० मिली, कोरा कडक चहा ३०० मिली, साखर १५० ग्रॅम, फुल क्रीम दूध २५० मिली. वर दोन नागपुरी संत्र्यांची साल (आतला पांढरा भाग खरवडून), बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार ठेचलेले वेलदोडे. गूळ घालायचा मोह आवरा, त्याच्यापुढे माल्ट गप्प होते.

पहिल्या रात्री साल आणि मसाले व्हिस्कीत टाका आणि सकाळी काढा. दालचिनी जास्त वेळ राहिली तर नुसती तीच लागते. गरम चहात साखर विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या, मग व्हिस्की आणि लिंबाचा रस मिसळा. हा झाला पंच.

आता खरं काम. सगळे इथेच फसतात, मलाही हा टप्पा बराच काळ छळत होता.

दूध तापवून कोमट करा, साय काढा आणि मोठ्या पातेल्यात घ्या. त्यात पंच ओतायचा, पंचात दूध नाही. फ्रँकलिनने उकळतं दूध पंचात ओतायला सांगितलंय, पण मी ऐकत नाही. आंबट पंचाच्या साठ्यात दूध पडलं की ते क्षणात बारीक कण होऊन फाटतं, आणि ते कण फडक्याची भोकं तरी बुजवतात नाहीतर खाली उतरतात. दुधात पंच बारीक धारेने सोडला तर आंबटपणा हळूहळू वाढतो आणि दाणा मोठा धरतो. पळीने एकदाच, अगदी सावकाश फिरवा आणि हात काढून घ्या. अर्धा-पाऊण तास पातेल्याकडे जाऊ नका. नास एकीकडे आणि पाणी एकीकडे दिसायला हवं. दिसत नसेल तर चमचाभर लिंबाचा रस घाला.

गाळायला चाळणीवर दुहेरी सुती पंचा, म्हणजे फडकं. नवा असेल तर आधी उकळून खळ घालवा, आणि जुना असेल तर हुंगून बघा. साबणाचा वास पेयाला लागला की काही उपाय नाही. पळीपळीने ओता. पहिले दोन-तीन कप गढूळच येतील, घाबरू नका. गाळण्याचं काम फडकं करत नाही, त्यावर बसलेला नासाचा थर करतो, आणि तो थर बसायला वेळ लागतो. गढूळ आलेलं पळीच्या पाठीवरून हळूच पुन्हा त्याच थरावर सोडा. थर फुटला की सगळं पहिल्यापासून. नंतर धार थेंबावर येते आणि खाली पडणारा थेंब स्वच्छ असतो. ग्लासमागे वर्तमानपत्र धरा, बातमी वाचता आली की जमलं.

आणि पिळू नका! श्रीखंडाच्या चक्क्याची सवय असलेला हात आपोआप पुरचुंडी आवळायला जातो. तेवढ्या चार चमच्यांसाठी सगळी बाटली पांढुरकी होते. चमच्याने दाबू नका, पातेलं आपटू नका. पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवा आणि झोपा. नुसता कॉफी गाळायचा कागद वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो दहा मिनिटांत तुंबतो. फडक्यातून गाळून झाल्यावर शेवटचा हात म्हणून ठीक आहे. तरीही किंचित धूसर राहिलं तर बाटली रात्रभर हलवू नका, गाळ तळाशी बसतो, वरचं ओतून घ्या.

हा खटाटोप कशासाठी, तर दुधातलं केसीन हे प्रथिन चहाचा आणि लाकडाचा तुरटपणा धरून ठेवतं आणि लिंबाची धारही बोथट करतं. उरतं ते गुळगुळीत, घशाला न लागणारं.

फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकतो. बर्फ स्टीलच्या वाटीत जमवलेला एकच मोठा खडा, त्यावर ९० मिली पंच, वर जायफळ किसून. सोडा नको. सोबत चकली किंवा तिखट शेव. फ्रूट केक नको, गोडावर गोड होतं.

ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना आधी सांगा, कारण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी त्यात दुधाची प्रथिनं असतात. आणि एका ग्लासात साधारण ३५ मिली व्हिस्की आहे, म्हणजे छोट्या पेगापेक्षा जास्त. सरबतासारखा उतरतो, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याच्या हातात कोकम सरबत द्या.