योरुबा बोलायचं तर ‘-ऊन’ बाजूला ठेवा

नायजेरियातल्या इबादानमध्ये चार वर्षं राहिले, तेव्हा तिथली योरुबा भाषा शिकले ती बोदिजाच्या बाजारात आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरात. शब्द भराभर जमले. अडायचं ते एका वाक्यात दोन क्रियापदं आली की. तुम्हीही तिथेच अडत असाल, तर आधी मराठीतलं ‘-ऊन’ विसरा.

आपण म्हणतो, ‘तो पुस्तक घेऊन आला’. योरुबात : ‘ओ मु इवे वा’. तो, घे, पुस्तक, ये. ‘मु’ला प्रत्यय नाही, मध्ये ‘आणि’ नाही. जे आधी घडलं ते आधी बोलायचं. (सूर मात्र कानानेच शिका. उंच, मधला, खालचा असे तीन आहेत आणि देवनागरीत ते उतरत नाहीत.)

कर्माकडे नीट लक्ष द्या. ‘आदे रा एरां जे’ म्हणजे आदेनं मटण विकत घेऊन खाल्लं. ‘रा’ विकत घेणं, ‘जे’ खाणं. ‘एरां’ एकदाच येतं, ‘रा’च्या मागोमाग. मी बरेच दिवस ‘आदे रा एरां, ओ सि जे ए’ म्हणत होते. ते चूक नाही, पण ‘सि’ म्हणजे ‘आणि’ आला की ‘त्यानं’ आणि ‘ते’ दोन्ही परत सांगावे लागतात, आणि एका कामाची दोन कामं होतात. शेजारीण दर वेळी माझं वाक्य जोडून, एका दमात म्हणून दाखवायची.

जोड पक्की आहे का, हे नकार लावून तपासा : ‘आदे को रा एरां जे’. ‘को’ एकच, पहिल्या क्रियापदाआधी.

क्रियापदांची अशी माळ घानातल्या अकान भाषेत आहे, नायजेरियाच्या रिव्हर्स राज्यात ओमोकूकडे बोलतात त्या ओग्बातही आहे.

आता खरी मेख. जिथे मराठीत विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय येतं, तिथेही क्रियापद शोधा. ‘ओ फि ऑबे गे एरां’ : त्यानं सुरीनं मांस कापलं. आपल्या ‘-नं’चं काम ‘फि’ करतं, आणि हत्यार कापण्याच्या आधी येतं. ‘पेक्षा’चंही तसंच. ‘आदे गा जु ओलु लॉ’ : आदे ओलुपेक्षा उंच आहे. ‘गा’ उंच असणं, ‘जु’ वरचढ होणं, ‘लॉ’ जाणं. शेजारणीची मुलं दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची मोजायची, तेव्हा हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडे. तिथेच ते माझ्या तोंडी बसलं.