विमान कंपन्यांच्या आठवणींचा संग्रह योग्य हाती सोपवताना

वर्षानुवर्षे जमवलेली वेळापत्रके, मेनूकार्डे, सामानाच्या चिठ्ठ्या, सेफ्टी कार्डे, बिल्ले, चमचे आणि विमानांच्या प्रतिकृती यांचे पुढे काय करायचे, हा विचार बहुतेक संग्राहक फार उशिरा करतात. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांसमोर खोकी येतात, पण कोणती वस्तू कशासाठी जपली होती हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि मग ती खोकी रद्दीत जातात. म्हणून हे काम हयातीत, आठवण शाबूत असतानाच हाती घ्यावे.

पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे काम नोंदींचे आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वाहतूक ग्रंथालयात विमानांतील मेनूकार्डांचा मोठा संग्रह आहे, आणि त्यात मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी स्वतःच्या प्रवासांत जमवलेली कार्डे आहेत. विमानाचा नोंदणी क्रमांक, प्रवासाचा तपशील, इतकेच नव्हे तर जेवण आणि वाइन कशी होती याचे शेरेही फॉस्टर यांनी लिहून ठेवले होते. अशा चार ओळींमुळे एक छापील कागद अभ्यासाचे साधन होतो. मुठीवर कंपनीचे चिन्ह कोरलेला चमचा नुसता हाती आला तर तो चमचाच राहतो. तो कोणत्या वर्षी, कोणत्या मार्गावर, कोणत्या वर्गात आणि कोणाकडून मिळाला हे सोबत लिहिलेले असेल तर त्याच्याशी एक उड्डाण जोडले जाते. यासाठी प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि यादीत त्या क्रमांकापुढे कंपनी, अंदाजे काळ, वस्तू कशी मिळाली आणि तिची आजची अवस्था लिहावी. कागदावर क्रमांक घालायचाच असेल तर मागच्या बाजूस, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने घालावा. शाईचे पेन किंवा चिकटपट्टी वापरू नये.

नोंदी करता करताच वस्तूंची अवस्था लक्षात येते. वेळापत्रकांच्या गठ्ठ्याला लावलेले रबरबँड काही वर्षांनी चिकट होऊन मुखपृष्ठावर तपकिरी पट्टा उमटवते आणि टाचणीचा गंज आतल्या पानांपर्यंत उतरतो, म्हणून ही दोन्ही आधी हळुवार काढावीत. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरावीत. चांदीचा मुलामा दिलेली भांडी घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक घासणीबरोबर मुलाम्याचा थर झिजतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते मूळ कागदाला धक्का न लावता काढता येत नाही.

काही वस्तू वेगळ्या काढाव्या लागतात. लाइफ जॅकेट ही विमानाची सुरक्षा-सामग्री असते, आणि तिच्यात वायूची लहान नळकांडी असल्यामुळे ती साध्या टपालाने पाठवता येत नाही. ओळखपत्रे, कर्मचाऱ्यांची अंतर्गत पुस्तिका आणि इतरांची नावे असलेले बोर्डिंग पास यांविषयी घेणाऱ्या संस्थेला आधीच स्पष्ट सांगावे.

आता प्रश्न संग्रहाच्या नव्या घराचा. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचे स्वतःचे संग्रहालय प्रवासी विमानवाहतुकीच्या वस्तू जपते. अमेरिकेत अटलांटात डेल्टा या विमान कंपनीचे, फोर्ट वर्थजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे आणि ऑस्ट्रेलियात लाँगरीच येथे क्वांटास या विमान कंपनीच्या संस्थापकांच्या स्मृतीचे संग्रहालय आहे. बंद पडलेल्या कंपन्यांनाही घर मिळते: पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीने डिसेंबर 1991 मध्ये उड्डाणे थांबवली, पण तिचा कागदपत्रांचा प्रचंड साठा मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वस्तू असतील तर संग्रहालय आणि कागद असतील तर विद्यापीठाचे किंवा वाहतुकीचे ग्रंथालय अधिक योग्य ठरते. केवळ नावाजलेल्या संस्थेच्या मागे लागू नये. आपल्या संग्रहात ज्या मार्गांची किंवा विमानतळाची सामग्री सर्वाधिक आहे, तिथले छोटे संग्रहालय तीच सामग्री अधिक आत्मीयतेने सांभाळते.

न विचारता खोकी पाठवणे हा या कामातील सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा आहे. आधी संस्थेच्या लोकांना एका पानाचे पत्र लिहावे: एकूण वस्तू किती, कोणत्या प्रकारच्या, कोणत्या काळातल्या, आणि सोबत आठ-दहा छायाचित्रे. त्यांच्याकडे आधीच असलेल्या वस्तू ते नाकारतील, आणि त्याने मन खट्टू होणे स्वाभाविक असले तरी त्यांच्या कपाटांना मर्यादा असते हे समजून घ्यावे. होकार आल्यावर चार गोष्टी लेखी विचाराव्यात: संग्रह एकत्र राहील की वाटला जाईल, दुबार वस्तूंचे काय होईल, अभ्यासकांना तो पाहता येईल का, आणि पाठवणीचा खर्च कोण करील. संग्रह कायम एकाच दालनात मांडून ठेवण्याची अट घालू नये. अशा अटीमुळे चांगल्या संस्था मागे हटतात. शेवटी दानपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि मालकी त्यांच्याकडे जाते. करसवलतीसाठी किंमत ठरवून हवी असेल तर ती स्वतंत्र मूल्यमापकाकडून करून घ्यावी, कारण दान घेणारी संस्था ते काम सहसा करत नाही.

जे नाकारले गेले ते टाकाऊ नसते. विमानवस्तूंच्या संग्राहकांचे मेळावे भरतात, आणि तिथे दुबार वेळापत्रकालाही त्याची वाट पाहणारा माणूस भेटतो. विकायचे असेल तर सगळे एकदम न विकता कंपनीनिहाय लहान गट करावेत आणि प्रत्येक गटासोबत त्याच्या नोंदींची प्रत द्यावी.

हे सगळे पूर्ण होण्यास वेळ लागतो. तोपर्यंत मृत्युपत्रात संग्रहाचा उल्लेख करून संस्थेचे नाव लिहावे, ही इच्छा घरातल्या एका व्यक्तीला समजावून सांगावी, आणि प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस यादीची एक प्रत ठेवावी.