टाइल्स कापायला ग्राइंडर घेताय? या चुका टाळा

हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या शिरल्या "सगळ्यात पॉवरफुल ग्राइंडर दाखवा" म्हणणारं गिऱ्हाईक दिसलं की मला त्याच्या टाइल्सची काळजी वाटायला लागते. बाथरूमच्या भिंतीची टाइल साधारण आठ-नऊ मिलिमीटर जाडीची. ती कापायला फार ताकद लागत नाही. हात स्थिर लागतो आणि ब्लेड बरं लागतं. पण बॉक्सवर वॅट मोठ्या अक्षरात छापलेले असतात आणि लोक तेवढंच वाचतात.

दुकानात एजी फोर, एजी फाइव्ह, एजी सेव्हन अशी भाषा चालते. म्हणजे चार, पाच आणि सात इंची (१००, १२५ आणि १८० मिमी) ब्लेड लागणारी मशीन. टाइलसाठी पहिल्या दोनांतलं एक घ्या, ७०० ते ९०० वॅटचं, विषय संपला. नवख्यानं तर चार इंचीच घ्यावं. वजन दोन किलोच्या आसपास असतं, मूठ हातात बसते. सात इंचीचं धूड कोटा, कडाप्पा, काँक्रीटसाठी आहे. ते घेऊन नळाचं भोक कापायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत. टाइल तर गेलीच, शेजारची लावलेली टाइलही गेली.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती सांगतो. गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं संरक्षक झाकण, काढून मोठं ब्लेड लावणं.

नाशिकला एका फ्लॅटचं काम चालू होतं. घरमालकाचा पुतण्या हौशी, स्वतःचं चार इंची मशीन घेऊन आला. त्यावर पाच इंची ब्लेड. गार्ड खिशात. "काका, गार्ड काढलं की पाच इंची बरोबर बसतं, व्हिडिओत दाखवलंय." मी म्हटलं, अरे बाबा, ब्लेडचं भोक बघ. पाच इंचीचं भोक २२ मिमीचं, चार इंची मशीनची बैठक १६ मिमीची. मधे सहा मिमीची मोकळीक. यानं ब्लेड अंदाजानं मधोमध धरून नट आवळला होता. चालू केल्यावर मशीन जे थरथरायला लागलं, ते बघूनच कुणीही स्विच बंद केला असता. हा म्हणाला, "नवीन आहे, सेट होईल." मी दुसऱ्या खोलीत मापं घ्यायला गेलो तोवर यानं टाइल पायाखाली धरून कापायला घेतली. ब्लेड कापात अडकलं, मशीन उसळून पायावर आलं आणि हातातून सुटलं. स्विच लॉक केलेला, त्यामुळे खाली पडूनही ते फिरतच राहिलं आणि स्वतःचीच वायर खाल्ली. नडगीवर टाके पडले, हाड वाचलं. ती टाइल मोठ्या साइजची होती आणि त्या शेडचा माल डीलरकडे संपला होता. चार दिवसांनी लंगडत आलेला हा पठ्ठ्या तरी सांगतोय की मशीनच फॉल्टी होतं!

याच्या पुढची पायरी म्हणजे चार इंचीवर सात इंची ब्लेड. छोटं मशीन मिनिटाला ११,००० च्या वर फेरे मारतं. १८० मिमीच्या ब्लेडची मर्यादा साधारण ८,५०० फेऱ्यांची, कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत. ते ११,००० वर फिरवलं की कडेचा वेग शंभरच्या पुढे जातो. ब्लेडच्या कडेचा तुकडा (सेगमेंट) सुटला तर तो कुठे जाईल याचा विचार करायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून मशीन निवडताना मी वॅटच्या आधी स्विच बघतो. दाबून धरला तरच चालणारा, सोडला की बंद होणारा पॅडल स्विच घ्या. लॉक होणाऱ्या स्विचची आपल्याकडे आणखी एक गंमत. लाइट जाते, माणूस मशीन तसंच ठेवून चहाला जातो, लाइट येते आणि मशीन आपोआप सुरू होतं. लॉकचंच मशीन असेल तर लाइट गेल्याबरोबर प्लग काढायची सवय लावून घ्या.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे ब्लेड. मशीन ब्रँडेड पाहिजे आणि ब्लेड काउंटरवरचं सगळ्यात स्वस्त! टाइलवर कड मशीनमुळे नाही उडत, ब्लेडमुळे उडते. खाचा असलेलं सेगमेंट ब्लेड काँक्रीटसाठी, टाइलवर ते ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, खरवडतं. टाइलला सलग कडेचं डायमंड ब्लेड लावा. व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त कडक टाइल असेल तर कडेला जाळीची नक्षी असलेलं पातळ टर्बो ब्लेड. विकत घेताना भोकाचं माप बघा. काही ब्लेडांसोबत भोक लहान करायची रिंग येते, लोक ती कचरा समजून फेकतात. आणि "चार इंची" या नावाखाली १०५ आणि ११० मिमी दोन्ही मिळतात, तेव्हा लावल्यावर प्लग न जोडता हातानं फिरवून गार्डला घासत नाही ना ते बघा.

ब्लेड नुसतं घासायला लागलं, कापेना, तर ते संपलंच असं नाही. कडक टाइल कापून त्याची कड गुळगुळीत होते, हिरे धातूत दबून जातात. वाळूच्या जुन्या सिमेंट ब्लॉकमध्ये दोन-चार वेळा चालवा, परत धार येते. जोर लावून कापणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं की ब्लेड तापून वाकडं होतं.

कापायची माझी पद्धत अशी. रेघेवर कागदी टेप लावतो, खूण टेपवर करतो. पहिला हात फक्त ग्लेझ कापण्यापुरता, एक-दोन मिमी, पूर्ण लांबीभर. मग दोन-तीन हातांत खाली जातो. शेवटचा इंचभर समोरच्या टोकाकडून कापतो, नाहीतर कोपरा तुटतो. एल आकाराचा काप असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी ड्रिलनं छोटं भोक पाडतो, म्हणजे तिथून तडा जात नाही. घाई असलेल्यांना हे सगळं जड वाटतं. त्यांनी टाइल्सचा एक बॉक्स जास्त आणावा.

बाकीच्या चुका पटापट:

लोखंड कापायची काळी चकती टाइलवर चालवणं. निम्म्यात झिजते, टाइल काळी करते.

लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं. यावर मी वादच घालत नाही. मशीन बंद करून घरी पाठवतो.

कापायच्या ब्लेडच्या बगलेनं कड घासणं. ४५ अंशाचा कोन काढायला घासायची वेगळी चकती मिळते.

बाटलीनं पाणी ओतत साधा ग्राइंडर चालवणं. मोटरच्या जाळीतून पाणी आत गेलं की शॉक. पाण्यानंच कापायचं असेल तर पाण्याची नळी जोडता येणारं मार्बल कटर घ्या आणि लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ठेवा.

तोंडाला रुमाल बांधून कोरडं कापणं. टाइलच्या धुळीत सिलिका असते, रुमालातून ती आरामात आत जाते आणि फुप्फुसातून परत निघत नाही. एन-९५ मास्क घ्या, खिडकी उघडी ठेवा. डोळ्यांना गॉगल. सैल बाही, गळ्यातला पंचा बाजूला काढून ठेवा.

आणि सरळ काप असेल तर ग्राइंडर उचलूच नका. रेघ मारून दाबून तोडायचं हातकटर असतं. धूळ नाही, आवाज नाही, कड जास्त स्वच्छ. ग्राइंडर कोपऱ्यांसाठी, भोकांसाठी आणि नहाणी ट्रॅपसाठी (बाथरूमच्या जमिनीतली पाणी जायची जागा).

दुकानातून निघण्याआधी मशीन एकदा चालवून घ्या, गार्ड फिरवून बघा आणि कार्बन ब्रशची (मोटरमधले झिजणारे, बदलावे लागणारे तुकडे) एक जोडी तिथेच मागा. ती दुकानदाराकडे नसेल तर मशीन कितीही चकचकीत असो, दुसरं दाखवायला सांगा.