साठ दिवस उलटले म्हणून पाया खणू नका

पालिकेतून घरांचे नकाशे मंजूर करून घेण्याच्या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी हे लिहितेय. एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) काढणं, मार्जिन (बांधकामाभोवतीची मोकळी जागा) सोडणं, क्षेत्रफळाचा तक्ता भरणं तुम्हाला येतं असं धरून चालते. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा) यांशिवाय फाईल हलत नाही, हेही एव्हाना कळलं असेल. खरी अडचण सुरू होते फाईल इनवर्ड झाल्यावर, म्हणजे कार्यालयात आवक नोंद झाल्यावर, आणि त्याबद्दल कॉलेजात कोणी बोलत नाही.

घराच्या परवानगीवर सभागृहात मतदान होत नाही. छाननी नगररचना विभाग करतो, सही नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या आणि महापालिकेत आयुक्तांच्या अधिकारात होते. त्यामुळे 'नगरसेवक आपले आहेत' म्हणणाऱ्याच्या मागे फिरू नका. मंजुरी, अटींसह मंजुरी किंवा नकार, यांपलीकडे कायद्यात चौथा निकाल नाही. अटी घातल्या किंवा नकार दिला तर कारणं लिहून द्यावी लागतात. हे नीट लक्षात ठेवलंत तर टेबलासमोर उभं राहताना पाय कापत नाहीत.

आता मी ज्यात अडकले ते सांगते, जरा लांबण लागेल.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४५ मध्ये लिहिलंय की ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी. मी उमेदवारी केली त्या ऑफिसात हे वाक्य रोज कानावर पडायचं. एका निवृत्त काकांच्या घराची फाईल अशीच पडून होती. साठ दिवस झाले तेव्हा आमचे सर म्हणाले, "काका, मुहूर्त बघा, पाया खणायला घ्या." जोतं वर आलं आणि कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढून टाका अशी, नोटीस आली. काकू मला म्हणाल्या, "मॅडम, परवानगी झाली असं तुमच्याच ऑफिसने सांगितलं ना?" त्या प्रश्नाचं ओझं अजून माझ्या अंगावर आहे, म्हणून हे इतकं खोलात लिहितेय.

पहिली बाब मोजणीची. ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून धरायचे, हे खरं. पण मधे त्रुटीपत्र, म्हणजे फाईलमधल्या उणिवा भरून द्या असं कार्यालयाचं पत्र, आलं असेल तर तुम्ही दिलेलं उत्तर कार्यालयाला पोचल्यापासून ६० दिवस, आणि दोन्हीपैकी जी तारीख नंतरची ती धरायची. म्हणजे मुदत संपत आलेली असताना एक त्रुटीपत्र निघालं की मोजणी नव्याने सुरू. म्हणून पूर्तता तुकड्यातुकड्याने देऊ नका. प्रत्येक मुद्द्याला त्याच्या क्रमांकाने उत्तर द्या, आवक शिक्का तारखेसह स्पष्ट उमटलाय का ते तिथेच बघा. ऑनलाइन फाईल असेल तर तारीख दिसणारं पान छापून ठेवा. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" याला नम्रपणे नाही म्हणा. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

दुसरी बाब त्याहून मोठी. मानीव परवानगी मिळते ती फक्त नियमांशी काटेकोर जुळणाऱ्या प्रस्तावाला. विकास नियंत्रण नियमावलीत बसलं पाहिजे, शिवाय मंजूर विकास योजनेलाच (शहरातले रस्ते, आरक्षणं दाखवणारा आराखडा) नव्हे तर प्रसिद्ध झालेल्या प्रारूप, म्हणजे अजून मंजूर न झालेल्या, योजनेलाही बाधा येता कामा नये. नाहीतर झालेलं काम अनधिकृत ठरतं आणि अनधिकृत बांधकामावरच्या कारवाईची कलम ५२ ते ५७ लागू होतात. काकांच्या फाईलमध्ये समोरचं मार्जिन जागेवरच्या रस्त्याच्या कडेपासून मोजलं होतं. प्रारूप योजनेत तोच रस्ता रुंद होणार होता, आणि ती रेषा प्लॉटच्या आत येत होती. नव्या रेषेपासून मोजलं तर मार्जिन अपुरं. मग साठ दिवस उलटून काय उपयोग? कार्यालय गप्प होतं, पण नकाशातली चूक तिथेच होती.

तरी घाबरून जाऊ नका. नोटीस आली म्हणजे लगेच जेसीबी येतो असं नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. आम्ही तो केला, पुढच्या खोलीचा भाग सोडला आणि उरलेलं घर वाचलं. काकांचा पैसा गेला तो गेलाच.

माझं ठाम मत असं की मानीव परवानगी हा लेखी उत्तर मिळवण्यासाठीचा आधार आहे, पहार मारण्यासाठीचा नाही. मुदत उलटली की तारखा मांडून पत्र द्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर फाईलवरच्या टिप्पणीची प्रत माहिती अधिकारात मागा. बँकेला तसाही शिक्क्याचा नकाशा लागतो, आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्रासाठी (पूर्ण झालेलं घर वापरायची परवानगी) याच खिडकीवर यायचंय.

लहान प्लॉटसाठी गोष्टी सोप्या झाल्यात. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकत्रित नियमावली आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, ठरलेल्या अटी पाळून, कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पावतीच परवानगी म्हणून चालते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगीचा हिशोब आहे. पण इथे 'सर्व नियमानुसार आहे' ही सही तुमची असते. दुसऱ्याच्या तयार फाईलमध्ये नाव आणि गट नंबर बदलून सही करणारे मी पाहिलेत. तसलं काम कितीही पैसे दिले तरी घेऊ नका.

शिकायचं कोणाकडून? मोठ्या नावाच्या आर्किटेक्टकडे जाल तर एलिव्हेशन शिकाल. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नगररचना विभागातल्या एका निवृत्त रचना सहायकांनी. भाग नकाशा (विकास योजनेचा त्या जागेपुरता तुकडा) टेबलावर पसरून त्यांनी दाखवलं की प्रस्तावित रस्त्याची रेषा प्लॉटवर कशी उतरवायची, मोजणीची हद्द आणि सात-बाराचं क्षेत्र जुळलं नाही तर कमी असेल तेच का धरायचं. असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. त्यांच्याकडे जा, प्रश्न विचारा, लाजू नका.

आणि नकार आलाच तर हातपाय गाळू नका. आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. अटी मान्य नसतील तरी करता येतं. पण आधी कारणं वाचा. मार्जिन किंवा जिन्याच्या रुंदीवर नाकारलं असेल तर अपिलात महिने घालवण्यापेक्षा नकाशा सुधारून नवा अर्ज टाका. कार्यालयाने विकास योजनेचाच चुकीचा अर्थ लावलाय असं वाटत असेल तरच अपील. काहीही ठरवलं तरी आदेश हातात पडला त्या दिवशीची तारीख त्याच कागदावर लिहा आणि घरमालकांना त्याची प्रत लगेच द्या. ते चाळीस दिवस त्यांचेही आहेत.